फाटकापर्यंतचा प्रवास

बससेवेची आखणी हे काम ज्या साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं, ते कधीच बदली होऊन गेले. मी राहिले. मी चारुशीला टेंभेकर, अंबेखेड महानगरपालिकेत बसचे मार्ग आखणारी अभियंता. माझ्या नोकरीत आमच्या शहराची बससेवा तीनदा सुरू झाली आणि तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा उद्घाटनाचा नारळ मीच आणला होता. चौथ्यांदा विजेवरच्या नव्या गाड्या आल्या, तेव्हा मी शिपायाला म्हटलं, बाबा रे, या खेपेला नारळ तू आण, माझा हात लागायला नको.

तिन्ही वेळा चूक एकच झाली होती. आम्ही रस्त्यावरची माणसं मोजायचो. स्टेशनवर गर्दी, बाजारात गर्दी, कॉलेजवर गर्दी, मग बस तिकडेच. जो माणूस घरातून निघालाच नाही, तो आमच्या मोजणीत कुठून येणार? त्याला कुठं जायचंच नाही असं आम्ही बिनदिक्कत धरून चालायचो. जेवायला न बोलावलेल्या माणसाला भूक नव्हती, असं म्हणण्यासारखंच ते. मी दर वेळी बैठकीत हे बोलायचे, सगळे माना डोलवायचे आणि बस पुन्हा स्टेशनवर जायची.

मग ‘मनसुबा’ आला.

एका संशोधन संस्थेनं बनवलेली ही प्रणाली. तिचं तत्त्व साधं आहे. बाहेर पडण्याआधी माणूस थोडा वेळ ठरावीक पद्धतीनं वागतो. या खोलीतून त्या खोलीत जातो, चष्मा शोधतो, स्लिपर काढून बूट घालतो, फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघतो. खिशातल्या फोनला हे सगळं हालचालीवरून कळतं. बुटातली चाल आणि स्लिपरमधली चाल त्याला वेगवेगळी ओळखता येते. असंख्य लोकांच्या खऱ्या प्रवासांवरून मनसुबा ही तयारी ओळखायला शिकला. मग त्याला उलटं काम दिलं. तयारी झाली पण प्रवास झालाच नाही, असे प्रसंग शोधायला सांगितलं. माणूस फाटकापर्यंत आला, थांबला आणि परत घरात गेला. त्याला कुठं जायचं होतं, हे त्याच्या पूर्वीच्या जाण्यायेण्यावरून, फोनला विचारलेल्या प्रश्नांवरून, बोलावून रद्द केलेल्या रिक्षावरून मनसुबा ताडायचा.

कुणाचं नाव आमच्यापर्यंत येत नसे. गल्लीतल्या सगळ्या घरांची बेरीज तेवढी यायची. पाणीपट्टी भरायच्या ॲपवर सगळ्या शहरानं न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं, त्यामुळे कायद्याला काही म्हणायला जागा नव्हती.

पहिला नकाशा पडद्यावर आला त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. झालेले प्रवास काळ्या रेघांनी दाखवले होते, न झालेले निळ्या. काळ्या रेघा माझ्या ओळखीच्या होत्या. पण सगळं शहर निळ्या रेघांनी विणून काढलेलं. सूतगिरणीच्या चाळीतून सरकारी दवाखान्याकडे. धनगर गल्लीतून मुलींच्या आयटीआयकडे. एवढी माणसं रोज बूट घालत होती आणि काढत होती, आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो की अंबेखेडला बस चालत नाही. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त थकवा आला. आता हे सगळं मलाच निस्तरायचं होतं ना.

गाड्या मोजक्याच होत्या. जाड निळ्या रेघांना आधी बस, मग त्याखालच्यांना, असं करत यादी खाली आली आणि शेवटच्या एका गाडीपाशी दोन रेघा उरल्या. एक सूतगिरणी ते दवाखाना या मार्गावरची जादा फेरी. दुसरी शिक्षक कॉलनी ते बेलवन. बेलवनची रेघ किंचित पुढे होती.

शिक्षक कॉलनीत मी राहते. रेघ निघत होती त्या तीनचार गल्ल्यांपैकी एक माझीच.

बेलवन म्हणजे बायपासच्या पलीकडची वस्ती. गॅरेजं, भंगारवाले, एक जुनी बाग. आमच्या पेन्शनर गल्लीतल्या कुणाला दुपारचं बेलवनला कशाला जायचं असेल? मला गंमत वाटली. घरी आल्यावर मुकुंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हसत हसत सांगितलं.

मुकुंद गणिताचा शिक्षक होता. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आणि चार वर्षांपूर्वी त्यानं शाळा आणि स्कूटर दोन्ही सोडलं. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाचा कान दिसतो, चेहरा दिसत नाही, असं तो सांगतो. तेव्हापासून बँक, दवाखाना, लग्नकार्य, जिथं जायचं तिथं मी त्याला गाडीनं नेते. बाकी वेळ तो घरी असतो, रेडिओ ऐकतो, भाजी निवडतो. तक्रार करत नाही. मला वाटायचं, बरं आहे, माणूस समाधानी आहे.

माझं बोलणं ऐकून तो हसला नाही.

“तुझं ते यंत्र फाटकसुद्धा बघतं का?” त्यानं विचारलं.

“फाटक नाही बघत. फोन बघतो. का?”

“मग तो मीच आहे.”

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

“सगळी रेघ माझी नसेल,” तो म्हणाला. “पण आपल्या गल्लीतला मीच. ऊन उतरलं की बूट घालतो. फाटकाशी जातो. कधी उभा राहतो थोडा वेळ, कधी लगेच फिरतो. रोज नाही जात. कंटाळा आला तर नाही जात.”

“बेलवनला काय आहे?”

“वामनचं सायकलचं दुकान आहे.”

वामन त्याचा लहानपणीचा मित्र. कॉलेजात असताना दोघं सुट्टीत त्याच दुकानात काम करायचे. मुकुंद चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. आता बॅटरीच्या सायकली आल्या, पण चाक वाकडं व्हायचं थांबलेलं नाही. वामनचा मध्ये फोन आला होता, हाताखाली कुणी राहत नाही म्हणून. मुकुंदनं मला समजावून सांगितलं. चाक फिरवायचं, बोट रिमला लावून ठेवायचं, जिथं घासेल तिथली तार आवळायची. बघावं लागत नाही, बोटाला कळतं.

“अरे, मग मला सांगायचं ना,” मी म्हटलं. “मी सोडलं असतं.”

“माहितेय. म्हणून तर नाही सांगितलं.”

“म्हणजे?”

“सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस. ऑफिसमधून धावतपळत येऊन सोडलं असतंस, परत न्यायला आली असतीस. आणि मग मी तिथं बसून घड्याळ विचारत राहिलो असतो, की चारूला उशीर तर नाही ना होत. मला जायचंय चारू. पोचवून घ्यायचं नाहीये.”

मी म्हटलं, रिक्षा आहे की. ती त्यानं करून पाहिली होती. पेट्रोलच्या रिक्षा शहरातून गेल्या, नव्या फोनवरून बोलवाव्या लागतात. नंबर समोर आला तरी त्याला वाचता येत नाही, आणि ज्या एका खेपेला बसला त्या खेपेला बेलवन नावाच्या भलत्याच इमारतीपाशी उतरला. बायपास एकट्यानं ओलांडायची त्याची हिंमत नव्हती. तो प्रसंगही त्यानं मला सांगितला नव्हता. कुणातरी पोरानं घरी आणून सोडलं होतं म्हणे.

“बस असली की बरं,” तो म्हणाला. “बस ठरलेल्या जागी थांबते. तिला कुणाची परवानगी लागत नाही.”

मी म्हटलं, “रेघ पुढे आहे. बस मिळेल तुला.”

त्यावर मात्र तो लहान मुलासारखा खूश झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उषाताई धवळ्यांना त्यानं फाटकात गाठून सगळं सांगितलं. आमच्या फाटकाची सरकारदरबारी नोंद झालीय, बेलवनची बस येतेय. मी आतून ऐकत होते. बोलू दे म्हटलं. किती दिवसांनी त्याला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

आता अंबेखेडच्या माणसांबद्दल सांगते. आमच्याकडे एसटी स्टँडात शिरली की थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतात. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, एकदा तर मी अंगावरचं पोर आत सरकवलेलं पाहिलंय. जागा धरायची म्हणजे धरायची. बसायचं की नाही ते नंतर बघू. अशा गावात फाटकात उभं राहून बस मिळते ही बातमी किती दिवस लपणार?

नाना काथार आमचे ज्येष्ठ नगरसेवक. ते एके दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “ताई, आमच्या प्रभागात लोक रोज संध्याकाळी बूट घालून फाटकात उभे राहतायत हो. तुमच्या मशिनला दिसत नाही का?”

“कुठं जायचंय त्यांना?”

“ते तुम्ही ठरवा. विमानतळ टाका.”

“विमानतळ झालेला नाही नाना अजून.”

“होईल तेव्हा बस तयार असलेली बरी.”

नकाशा उघडून पाहिला तर नानांचा अख्खा प्रभाग निळा झालेला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही सुरू केलं. महिनाभरात शहराचा नकाशा इतका निळा झाला की काळी रेघ शोधावी लागेल. मला त्या संशोधन संस्थेतल्या हुशार पोरांची कीव आली. त्यांनी माणसाच्या मनातलं ओळखणारं यंत्र केलं होतं, पण त्यांच्या गावात कुणी रुमाल टाकत नसावं.

मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांच्याकडे यावर चाळणी तयारच निघाली. तिचं गणित मला आवडलं. खरी इच्छा वेळ पाळत नाही. जाऊ की नको असं करणारा माणूस आज साडेचारला उठतो, उद्या पाचला, परवा गुडघा दुखतो म्हणून उठतच नाही. कधी फाटकाशी रेंगाळतो, कधी अर्ध्यातूनच फिरतो. ठरवून उभी राहणारी माणसं मात्र शाळेच्या प्रार्थनेसारखी येतात. सगळी एका वेळी, सगळी एकाच ठिकाणासाठी, रोज. चाळणी असा नेमकेपणा शोधायची आणि जिथं तो सापडेल ती गल्लीच्या गल्ली हिशेबातून काढून टाकायची. एकेक घर वेगळं काढता येत नव्हतं, कारण आमच्याकडे बेरीजच यायची.

मी चाळणी लावली. नानांचा प्रभाग विझला. विमानतळ विझला. नकाशा हळूहळू पहिल्यासारखा झाला. मी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. उघडले तर आमची गल्ली लाल दिसत होती. लाल म्हणजे बनावट.

मी दोनदा तपासलं. चूक नव्हती. मुकुंदनं उषाताईंना सांगितल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गल्लीतून रोज बरोब्बर साडेचारला फाटकं गजबजत होती आणि सगळ्यांना बेलवनला जायचं होतं.

घरी जाताना उषाताई दिसल्या. पायात बूट, वर साडी, हातात फोन, त्यावर बेलवनचा रस्ता.

“उषाताई, तुम्ही बेलवनला कशाला निघालात?”

“छे गं, मी कुठली जाते. सरांसाठी उभं राहतोय आम्ही,” त्या म्हणाल्या. “सर एकटेच किती दिवस उभे राहणार? आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. देशपांड्यांच्या सूनबाई पण येतात. शेजारच्या गल्लीतले पण येतात. तेवढीच सरांच्या बसला मदत.” मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “तू त्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल उपकार केले.”

मला खूप भरून आलं आणि तितकाच संतापही आला, आणि दोन्ही कुणावर काढायचं ते समजेना. रोज साडेचारला त्यांनी प्रेमानं रुमाल टाकला होता आणि त्यांच्या रुमालांखाली मुकुंदची जागा गेली होती. मी म्हटलं, “नाही सांगत. दमला असाल, बसा आता.”

आमची आणि शेजारची गल्ली बाद झाल्यावर बेलवनची रेघ सूतगिरणीच्या खाली गेली. तरी एक वाट उरली होती. चाळणीनं चुकून खरी गल्ली बाद केली असेल तर आयुक्त स्थळपाहणी करून ती परत घेऊ शकत होते. आयुक्त राजोपाध्ये वयानं माझ्या भाच्याएवढे, पण नीट ऐकून घेणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. मुकुंदचं, वामनचं, उषाताईंच्या बुटांचंसुद्धा.

त्यांनी नकाशा बघितला. “मॅडम, तुम्ही मला खोटं सांगणार नाही हे मला माहीत आहे. तुमची गल्ली खरी आहे असं तुम्ही म्हणालात तर मी सही करतो. प्रश्न मिटला.”

सही करून घ्यायला मला काय हरकत होती? माणूस खरा होता, त्याची इच्छा खरी होती, यंत्र चुकलं होतं. मी हो म्हणणारच होते. पण नानांच्या प्रभागात काय खरे लोक नसतील? विमानतळाच्या त्या गर्दीत एखाद्या बाईला खरोखर दवाखान्यात जायचं असेल, आणि तिची गल्ली तर मीच एका बोटानं विझवली होती. तिचा नवरा महापालिकेत अभियंता नव्हता, एवढाच फरक. आणि इकडे सूतगिरणीच्या चाळीत कुणी कुणासाठी उभं राहिलं नव्हतं. तिथल्या बायका अजून आपापल्या वेळेला बूट घालत होत्या आणि काढत होत्या.

“माझ्या गल्लीच्या जागी दुसऱ्या कुणाची गल्ली असती तर तुम्ही सही केली असती का?” मी विचारलं.

ते थोडे घुटमळले. “खरं सांगू? नसती केली.”

“मग राहू द्या.”

“मॅडम, पुढच्या वर्षी आणखी गाड्या येतील.”

“हो,” मी म्हटलं. पुढच्या वर्षी, हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आले आहे, लोकांना सांगतही आले आहे. शेवटची गाडी सूतगिरणीला दिली. कागदावर मी सही केली आणि तो पुढे पाठवला. फक्त घरी जाऊ नये असं वाटलं.

मुकुंद पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता. बूट पायात होते. आज तो फाटकाशी जाऊन आला असणार किंवा जायचा बेत असणार, मी विचारलं नाही. पाणी प्यायले, त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. गल्ली बाद झाली, बस सूतगिरणीला गेली. उषाताईंचं नाव घेतलं नाही. चाळणीचा नियम तसा आहे, एवढंच म्हटलं.

त्यानं रेडिओ बंद केला.

“सूतगिरणी म्हणजे दवाखान्याची?”

“हो.”

“तिकडं गरज आहे खरी.” तो गणिताच्या सरांच्या आवाजात म्हणाला. एखाद्या पोराचं उत्तर बरोबर आलं की तो असंच म्हणायचा. “तुला सही घेता आली असती ना?”

“आली असती.”

“घेतली नाहीस ते बरं केलंस.”

वाकून त्यानं बुटाची एक नाडी सोडली, दुसरी तशीच ठेवली. मला वाटलं, आता तो उठेल, भाजी निवडायला घेईल आणि हा विषय आमच्या घरात पुन्हा निघणार नाही. तसं झालं असतं तर मी सुटले असते. मी फार दमले होते.

“चारू,” तो म्हणाला.

“काय रे?”

“उद्या तुला वेळ आहे का?” त्याची नजर माझ्या कानाच्या बाजूला होती, म्हणजे तो माझा चेहरा बघायचा प्रयत्न करत होता. “साडेचारच्या सुमाराला मला वामनकडे सोडशील?”

इतके दिवस हा माणूस फाटकापर्यंत जाऊन परत आला होता, ते एवढं एक वाक्य मला म्हणावं लागू नये म्हणून. मला तो भांडला असता, चिडला असता तर चाललं असतं. मला रडू आलं आणि ते त्याला दिसणार नाही, याचं त्या वेळी बरं वाटलं.

“सोडते की,” मी म्हटलं.

“न्यायला घाई करू नकोस. तुझं काम संपलं की ये. मी बसेन.”

“येईन सातपर्यंत.”

त्यानं मान हलवली. दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट हातानं चाचपून जोडीनं भिंतीशी लावून ठेवले.

“थँक यू,” मुकुंद म्हणाला. आमच्या घरात एकमेकांना असं म्हणायची पद्धत नव्हती.